गाडी काही लाखांत, पुढचं बिल कुणी सांगत नाही

जमीन रस्त्यात गेली, मोबदला खात्यावर पडला की आपल्याकडं पहिली चौकशी होते मुंबई-पुण्याच्या जुन्या आलिशान एसयूव्हीची. एकेकाळी नुसतीच बघायची ती पोर्शे कायेन आता काही लाखांत मिळते, मग पोरं कशाला ऐकतात!

पहिल्या पिढीच्या व्ही-एट कायेनमध्ये इंजिनाच्या वरच्या बाजूला कूलंटचे पाइप प्लास्टिकचे होते. उष्णतेनं ते ठिसूळ होऊन तडकतात, कूलंट गळतं, इंजिन तापतं. नंतर अॅल्युमिनियमचे पाइप आले. पण ते बदलायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. पाइपापेक्षा मजुरी जड! मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचं रबर फाटलं की खालून धाडधाड. एअर सस्पेन्शन गळालं तर सकाळी गाडी म्हशीसारखी बसलेली.

वापरलेल्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. त्यात तालुक्याला तिचा मेस्त्री नाही, म्हणजे टोइंगचं भाडं वेगळं.

घ्यायचीच असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी बघा, इंजिन थंड असताना चालू करा आणि पाइप बदलल्याचं बिल मागा. बिल नाही म्हणाला तर टोकन देऊ नका.