उसनं जॅकेट आणि खोबरेल

मंगळवारी रात्री पावणेदहाला, डब्यातली भाजी गरम करता करता माझ्या रूममेटने विचारलं, ‘अगं, माझं लेदर जॅकेट तुझ्याकडेच आहे ना? रविवारी लागेल.’

‘हो, आहे की!’ मी एकदम कॅज्युअली म्हणाले. आणि पोटात खड्डा पडला.

फ्लॅशबॅक. गेल्या डिसेंबरात मी मनालीला निघाले होते आणि माझ्याकडे थंडीचं म्हणण्यासारखं फक्त एक स्वेटशर्ट होतं. तिने दारामागच्या हुकवरचं जॅकेट काढून माझ्या सॅकवर टाकलं. ‘घेऊन जा. मुंबईत याला काय काम?’ तिच्या पहिल्या दिवाळी बोनसमधून घेतलेलं, धारावीतून, सहा हजारांना. तपकिरी, मेंढीच्या मऊ चामड्याचं. मनालीत मी त्यात दोनेकशे फोटो काढले. परत आल्यावर ते गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत कोंबलं, पिशवी सुटकेसमध्ये, सुटकेस माळ्यावर. मग मुंबईचा अख्खा पावसाळा त्याच्यावरून गेला.

आता तिची दिल्लीला बदली झाली होती. रविवारी संध्याकाळची राजधानी. दिल्लीची थंडी म्हणजे आपल्याकडच्यासारखी ‘आज जरा गार आहे ना’ टाइप नसते. आणि हो, अजून एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी माझे तीन पेमेंट्स एकाच वेळी अडकले होते, तेव्हा दोन महिने माझ्या वाटचं भाडं हिने भरलं होतं. एका शब्दाने कुणाला बोलली नाही. अशा मुलीचं जॅकेट!

ती झोपल्यावर मी स्टूलवर चढले. पिशवी उघडली आणि आधी वास आला, बंद घराचा असतो ना तसा. पाठीवर मधोमध आडवी घडी, जणू कुणी पट्टी लावून ओढलेली. बाह्यांवर चुण्याच चुण्या. कॉलरखाली बुरशीचे पांढरे ठिपके. शिवाय डावीकडचा पुढचा भाग उजवीकडच्यापेक्षा खडबडीत, बारीक रेघारेघांचा. उजवा गुळगुळीत, डावा असा. मी मनात म्हटलं, गेलं. हे मी केलं.

मंडळी, तुमच्यापैकी कितीजणांचं लेदर जॅकेट आत्ता कपाटाच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये आहे? हात वर करू नका, उठा आणि बाहेर काढा. प्लॅस्टिकमध्ये हवा खेळत नाही. दमटपणा आत कोंडतो आणि बुरशीला बसल्या जागी राहणं-जेवण मिळतं. जाड खांद्याचा हँगर आणि वरून जुन्या चादरीचं सुती कव्हर, बस. मला हे त्या रात्री कळलं, तुम्हाला फुकटात सांगतेय.

बुरशीचं काम तसं सोपं निघालं. तोंडाला रुमाल बांधून बाल्कनीत गेले (घरात झटकली तर ती सगळीकडे उडते), मऊ ब्रशने कोरडी झाडली, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली टांगलं. उन्हात नाही. उन्हात चामडं वाळतं, ताठ होतं.

खरा राडा बुधवारी झाला. मी आईला फोन केला.

माझं माहेर, म्हणजे लग्न झालेलं नाही त्यामुळे नुसतंच घर, कोल्हापूरचं. आमच्याकडे चामडं म्हणजे बाबांची चप्पल. आई म्हणाली, ‘त्यात काय एवढं? बाबांच्या चपलेला लावतो तसं खोबरेल लाव की. लोण्यासारखं मऊ होतंय बघ.’ तिच्या आवाजात इतका कॉन्फिडन्स होता की मी नेटवर बघायच्याही भानगडीत पडले नाही. उजव्या बाहीपासून सुरुवात केली. चांगलं चोळचोळून लावलं. त्या वेळी ते मस्त चमकत होतं हो!

सकाळी बघते तर कोपरापासून मनगटापर्यंत काळपट डाग. बाकी जॅकेट चहाच्या रंगाचं, उजवी बाही कॉफीची.

गुरुवारी डेडलाइन मारून जॅकेट पिशवीत घातलं (कापडी, शिकले!) आणि सायनला उतरले. सायन-वांद्रे लिंक रोडच्या बाजूला लेदरची दुकानं एकाला एक लागून आहेत. बॅगा, बेल्ट, पाकिटं, जॅकेटं. तिथल्या कामाचा इतिहास बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून आलेल्या लोकांनी इथे चामडं कमावण्याचे कारखाने टाकले. आता तयार चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येतं आणि इथल्या गाळ्यांमध्ये कापलं-शिवलं जातं. 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्याचा फटका इथल्या धंद्याला बसला. पण हा विषय एका कॉलमात मावणारा नाही.

तीन दुकानांनी नवीन जॅकेट विकायचा प्रयत्न केला. चौथ्यात एक पांढऱ्या दाढीचे चाचा मशीनवर बसले होते. त्यांनी बाही नाकाशी नेली आणि विचारलं, ‘नारियल?’

मी मान हलवली.

‘चप्पल समझा क्या बेटा?’

मग त्यांनी मला जे समजावलं ते कुठल्याही ट्यूटोरियलपेक्षा भारी होतं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. जाड, कोरडं, वर रंगाचा थर नाही. ते तेल पितं, काळं पडतं आणि काळं पडलेलंच शोभतं. (बाय द वे, 2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय टॅग मिळाला आणि 2025 च्या जूनमध्ये तसल्याच चपला प्राडाच्या मिलानमधल्या रॅम्पवर आल्या. तेव्हा आईचा कॉन्फिडन्स अगदीच बिनबुडाचा नाही.) जॅकेटचं चामडं मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, पातळ आणि मऊ. कमावतानाच त्यात बेताने तेल मुरवतात आणि वर रंगाचं फिनिश देतात. त्यावर आपण वाटीभर खोबरेल ओतलं की ते सगळीकडे सारखं मुरत नाही. जिथे फिनिश झिजलंय तिथून घुसतं आणि डाग धरतं. वर तेल जुनं झालं की खवट वास येतो तो वेगळाच.

‘मग कंडिशनर?’ मी विचारलं.

कंडिशनरचा फंडा एवढाच. चामड्यातलं वर्षानुवर्षं कमी झालेलं तेल थोडंथोडं परत द्यायचं, म्हणजे ते लवचिक होतं आणि घड्या सैल पडतात. चाचांनी एक टेस्ट करून दाखवली, ती लिहून ठेवा. कॉलरच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब मण्यासारखा वर राहिला तर फिनिश शाबूत आहे, कंडिशनर बिनधास्त लावा. लगेच मुरून डाग पडला तर चामडं उघडं आहे, कंडिशनरनेसुद्धा रंग गडद होणार. आमचा थेंब वर राहिला. आणि तुमचं जॅकेट स्वेडचं असेल, म्हणजे लव असलेलं, तर क्रीमच्या वाटेलाच जाऊ नका.

मग मी त्यांना तो डावीकडचा रेघारेघांचा भाग दाखवला. हा कसा गुळगुळीत करायचा? दोन रात्री मी तिथे बोटं घासत बसले होते.

चाचा हसायलाच लागले. एका जॅकेटला मेंढीची पाच-सहा कातडी सहज लागतात. प्रत्येक मेंढी वेगळी. पाठीच्या कण्याजवळचं चामडं घट्ट आणि एकसारखं, पोटाकडचं सैल. मानेजवळ सुरकुत्या, कुठे काटा लागल्याची खूण, कुठे गोचीड चावल्याची. लेदरवाले ज्याला ग्रेन म्हणतात तो हाच, जनावराच्या कातडीचा मूळ पोत. कंडिशनर लावून तो बदलत नाही. आपल्या गालावरचा व्रण क्रीमने जातो का? शोरूममध्ये एकदम एकसारखं चामडं दिसतं, ते पुष्कळदा वरून घासून, रंगाचा जाड थर देऊन, मशीनने खोटा पोत उमटवलेलं असतं. किंवा मग सरळ रेक्झिन. कोपराच्या आतल्या बाजूच्या चुण्याही तशाच, त्या हात दुमडून दुमडून पडलेल्या असतात आणि राहणारच.

बाहीसाठी उपाय होता, पण अर्धाच. डाग ताजा होता म्हणून त्यावर मक्याचं पीठ, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर, जाडसर थापून रात्रभर ठेवायचं, सकाळी झाडायचं, पुन्हा थापायचं. ते तेल ओढून घेतं. सगळं नाही, जमेल तेवढं.

‘नहीं तो कलर मार देता हूँ पूरा,’ ते म्हणाले. ‘सात सौ. किसी को पता नहीं चलेगा.’

खोटं कशाला बोलू, पाकीट हातात आलं होतं. रविवारी जॅकेट द्यायचं, ती ‘अय्या, नव्यासारखं झालंय’ म्हणणार, विषय संपला. पण पुन्हा रंगवलं की तो डावीकडचा पोत थोडा बुजणार, हेही चाचांनीच सांगितलं. मी विचार करते म्हणाले आणि निघाले. त्यांनी सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. मी एक कीचेन घेतली, दीडशेची, मला गरज नसलेली.

शुक्रवार-शनिवार आमच्या घराचं वर्कशॉप झालं होतं. बाहीवर दोनदा कॉर्नफ्लोअर. डाग बराच हलका झाला, गेला नाही. घड्यांसाठी इस्त्री काढलीही होती, मग पातळ चामडं जास्त उष्णतेने आक्रसतं आणि एकदा आक्रसलं की पुन्हा ताणता येत नाही, हे वाचून जागेवर ठेवली. त्याऐवजी बाथरूम. गरम पाण्याचा शॉवर सोडायचा, दार लावायचं आणि जॅकेट पाण्यापासून लांब, हँगरवर दहाएक मिनिटं वाफेत ठेवायचं. भिजवायचं नाही. चामडं किंचित कोमट आणि ढिलं झालं की तळहाताने पाठीवरून मधून बाहेर असं सपाट करत जायचं. दोन राऊंडमध्ये ती आडवी घडी इतकी पुसट झाली की मी बाथरूममध्येच ‘येस!’ ओरडले. रूममेट बाहेरून म्हणाली, ‘गीझर बंद कर!’

पूर्ण कोरडं झाल्यावर शेवटी कंडिशनर. रुपयाच्या नाण्याएवढं, फडक्यावर घ्यायचं, थेट जॅकेटवर नाही. आधी न दिसणाऱ्या जागी ट्राय करायचं, मग गोल गोल पातळ हात फिरवायचा, काही तास मुरू द्यायचं, उरलेलं कोरड्या फडक्याने पुसायचं. जास्त लावलं तर चामडं चिकट होतं, धूळ धरतं, पुन्हा बुरशीला आमंत्रण. वर्षातून एक-दोनदा पुरे. बाह्यांवरच्या चुण्या मऊ झाल्या, पाठ चमकली. आणि डावा भाग होता तसाच रेघारेघांचा राहिला.

शनिवारी रात्री मी जॅकेट तिच्या पलंगावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. प्लॅस्टिक, बुरशी, खोबरेल, सातशेचा रंग, सगळं. ती काहीच बोलली नाही. बाही दिव्याखाली धरून बघत होती. माझं तोंड एवढंसं झालेलं.

‘आणि डावीकडचं काही मला जमलं नाही गं,’ मी म्हटलं. ‘मेंढीच तशी होती म्हणे.’

‘ते? ते पहिल्यापासून तसंच आहे,’ ती म्हणाली. ‘त्याच्यामुळेच तर दुकानदाराने पाचशे कमी केले. मला ते आवडलं होतं.’ मग थोडं थांबून, ‘पण खोबरेल? सीरियसली?’

बाहीचा राग तिला आला होता, हे मला कळलं. पॅकिंग करताना ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती. बॅगेत घडी नको, म्हणून रविवारी ती जॅकेट घालूनच निघाली. मुंबई सेंट्रलला, त्या घामट दुपारी, लेदर जॅकेटमध्ये. अख्खा प्लॅटफॉर्म बघत होता. गाडी हलताना तिने हात केला, उजवा, डागवाला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा व्हॉट्सअॅप आला, सोबत बाहीचा क्लोजअप. ‘अगं, यावर पांढरं पांढरं काय आलंय? परत बुरशी?’

मी फोटो झूम केला. दिल्लीत सकाळी सात डिग्री होतं. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गोठतं, हे कोल्हापूरच्या मुलीला कुणी सांगायला नको. थंडीत बाटली चुलीजवळ ठेवण्यातच आमचं बालपण गेलं.

‘बुरशी नाही,’ मी लिहिलं. ‘आईचं तेल आहे. हीटरपासून जरा लांब ठेव, पण खोलीत ठेव. वितळलं की कोरड्या फडक्याने पुसून घे.’

पाच मिनिटांनी उत्तर आलं. ‘पुसलं. ऑफिसात सगळे विचारतायत, हेअर ऑइल कोणतं वापरतेस.’