सूर खाली आणायची मुभा कोणाला?

फ्रँक टर्नर हा इंग्लंडचा गायक. 'मिलियन डेड' या पंक बँडमध्ये तो घसा फोडून गायचा. 2005 मध्ये बँड फुटला. मग त्याने साधी गिटार उचलली आणि एकट्यानेच लोकगीतांच्या वळणाची गाणी म्हणायला लागला. 2012 मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनापूर्वी गायला तोच उभा होता. अशा बदलाला सहसा 'परिपक्वता' म्हटलं जातं. गाणी मलाही आवडतात. पण तो ईटनसारख्या उच्चभ्रूंच्या शाळेत शिकला, हेही लक्षात घ्यायला हवं. राग त्याने निवडला, शांतपणाही त्यानेच निवडला.

मी जयपूरच्या विद्याधर नगरात राहून पीएच.डी. करते. ज्या राजस्थानचं 'लोकसंगीत' पर्यटकांना विकलं जातं, तिथले मांगणियार लोकसंगीताकडे 'वळत' नाहीत. ते त्यांच्या जन्माला चिकटवलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या यजमानाच्या घरच्या लग्नात, बारशात गायचं आणि तो देईल ते घ्यायचं. एकाची आवड, तीच दुसऱ्याची जातीने ठरवलेली चाकरी.

आपल्या शाहिरांची वाट तिसरीच. पुण्यात 2002 मध्ये कबीर कला मंच उभा राहिला. डफ, ढोलकी आणि जातीवर थेट बोट ठेवणारे शब्द, एवढंच त्यांचं भांडवल. नक्षलवादाचा आरोप झाला. एप्रिल 2013 मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर येऊन स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन यांना 2017 उजाडावं लागलं. वाद्यं साधी असली म्हणून गाणं मवाळ होत नाही. सत्तेला आवाजाची पट्टी खुपत नाही, शब्द खुपतात.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर. सेमिनारमध्ये आपल्याला हमखास ऐकवतात, 'मुद्दा बरोबर आहे, पण सूर जरा खाली आणा.' मलाही ऐकवलंय. सूर खाली आणणं म्हणजे गद्दारी नव्हे. थकलेल्या माणसाला हळू बोलायचा हक्क आहे, आणि हळू बोललेलंही खोल रुतू शकतं. पण तो निर्णय आपला असावा. 'जात' खोडून 'सामाजिक पार्श्वभूमी' लिहा, असं कोणी सुचवलं, तर तो सल्ला सुराबद्दलचा नसतो. तिथे पट्टी हवी तर बदला, शब्द मात्र तोच ठेवा.