पाण्याशी इमान राखणारे मद्य

साके हे तांदळाचे जपानी मद्य परदेशांतील मेजवान्यांतही आता मानाने मिरवू लागले आहे, आणि २०२४ साली युनेस्कोने ते करण्याच्या परंपरागत विद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिल्यापासून त्याच्याविषयीचे कुतूहल वाढले आहे. परंतु तांदळाचा दाणा निम्म्याहून अधिक झिजवून केलेले, फळाफुलांचा दरवळ असलेले आणि थंडगार करून द्यायचे तेवढेच साके अव्वल, बाकीचे दुय्यम, असा जो समज त्यासोबत रूढ होत आहे, तो मला साफ चुकीचा वाटतो. साकेची परीक्षा ज्या मुलखात ते मुरले, त्या मुलखाच्या ताटापाशी बसून करावी.

हिरोशिमाचेच पाहा. साकेत सर्वांत मोठा वाटा पाण्याचा. आणि या व्यवसायात अग्रगण्य असलेल्या, कोबेजवळच्या नादा परगण्याचे पाणी क्षारयुक्त, आंबवणास जोम देणारे, तर हिरोशिमाचे मृदू. नादाची रीत जशीच्या तशी उचलून पुनःपुन्हा अपयश पदरी पडलेल्या मिउरा सेन्झाबुरो या मद्यकाराने अखेरीस कोजी, म्हणजे भाताला गोडी आणणारी बुरशी, दाण्याच्या गाभ्यापर्यंत रुजू दिली, आंबवण थंडाव्यात संथपणे चालू ठेवले, आणि साधलेली ही विद्या घरात दडवून न ठेवता १८९८ साली छापून सर्वांस खुली केली. पुढे १९०७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेने अग्रमान मिळवला. ज्या पाण्याला उणे समजले जात होते, त्याच्याशी इमान राखूनच हे घडले, याचे मला फार मोल वाटते.

सरकारी दर्जाचे म्हणाल, तर १९९२ पर्यंत अबकारी खात्याच्या परीक्षेस न पाठवलेले साके, मग ते कितीही उत्तम असो, खालच्या वर्गातच विकावे लागे; म्हणजे दर्जाचा शिक्का चवीची साक्ष देत नव्हता. ती साक्ष ताटापाशीच मिळते.

हिरोशिमाच्या आखातातील कालव कवचासकट निखाऱ्यावर ठेवावे. कवच उघडून त्यातले खारट पाणी कडेने खदखदू लागले, की ते कालव तसेच ऊन तोंडात घ्यावे, आणि त्यावर गरम पाण्यात बुडवून सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट केलेल्या साकेचा एक घोट घ्यावा. तांबड्या द्राक्षमद्यातील लोहामुळे समुद्रान्नाचा जो उग्र वास उठतो, तो येथे उठत नाही, कारण लोहयुक्त पाणी साके करणारे कटाक्षाने वर्ज्य करतात. उलट दोहोंतील रुची एकमेकींत विरघळून भाताची मंद गोडी जिभेवर रेंगाळते. जपानी भाषेत मासळीला ‘साकाना’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ साकेसोबतचे तोंडीलावणे असा आहे.