चेंडू मोजा, जोरही मोजा!



बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. तरी त्यातल्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची गोष्ट आपल्या कामाची आहे.

अमेरिकेत पूर्वी जो पिचर सामना सुरू करायचा, तोच बहुतेक वेळा संपवायचा. 1890 ते 1911 या काळात खेळलेल्या साय यंगने असे 749 सामने एकट्याने पूर्ण केले. आज मेजर लीगच्या 30 संघांचे मिळून एका हंगामात पन्नाससुद्धा होत नाहीत. साधारण शंभर चेंडू झाले की पिचर बाहेर! पुढचे डाव ताज्या दमाचे गडी वाटून घेतात. कारण तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येतो, तेव्हा त्याला चेंडू ओळखीचे झालेले असतात आणि पिचरचा हात थकलेला असतो.

मग दुखापती थांबल्या का? नाही. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि शाळकरी मुलांवरही करावी लागते. चेंडू कमी झाले, पण प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकला जाऊ लागला. जुने पिचर जोर राखून टाकायचे. मेजर लीगच्या 2024 च्या अहवालातही वेगाच्या हव्यासावर बोट ठेवलं आहे.

मुलांच्या लिटल लीगने 2007 पासून चेंडूंची मर्यादा घातली. 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 चेंडू. 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. माझ्या मते असा नियम लिहावाच लागतो, कारण सामना हातात आला की मोठ्यांना भान राहत नाही.

आपलंही तेच नाही का? शाळेच्या संघातला एकच चांगला गोलंदाज प्रत्येक सामन्यात राबतो. हुशार मुलगी स्कॉलरशिप, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन सगळीकडे पुढे केली जाते. "आमच्या वेळी आम्ही नाही का केलं?" असं आपण सहज म्हणतो. केलं ना! पण तेव्हा रोजच निकाल लागत नव्हता.

म्हणून तास तर मोजाच. पण त्यातले किती तास मूल पूर्ण जोर लावतंय, तेही बघा. आणि एखाद्या दिवशी तुम्हीच म्हणा, "आज बस झालं, बाळा. जा, खेळ."