थंडीचा वाटा किती, इथेनॉलचा किती?

हिवाळा लागला की वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील गॅरेजांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी ॲव्हरेज देत नाही. पूर्वी मिस्त्रीचे उत्तर ठरलेले असे. थंडी आहे, चोक जास्त लागतो, संक्रांत उलटली की सुधारेल. अलीकडे तो 'पेट्रोलच तसे येते' असे म्हणू लागला आहे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु कोणाचा वाटा किती हे वेगळे केल्यावाचून या प्रश्नातील अर्थकारण उमजणार नाही, कारण थंडी कोणी आणलेली नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण मात्र सरकारने आणलेले आहे.

आधी थंडीचा हिशेब पाहू. इंजिन गार असताना इंधनाची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रणात इंधन अधिक घालावे लागते. वंगण दाट होते. आणि हवेचे तापमान दहा अंशांनी उतरले की चाकातील दाब सुमारे दोन पौंडांनी उतरतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार 25 अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे 7 अंशांवर शहरात धावणाऱ्या पेट्रोल मोटारीची इंधनक्षमता सुमारे 15 टक्क्यांनी घटते. आपल्याकडील पहाटेची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय ही घट इंजिन तापेपर्यंतची आहे. वर्ध्याहून हिंगणघाटला जाणाऱ्याला ती पहिल्या काही किलोमीटरांतच भोगावी लागते. घर ते बाजार एवढीच ये-जा करणाऱ्याला मात्र रोज. चाकांत हवा भरून घेतली तर तीतलाही काही भाग वाचतो.

इथेनॉलची गोष्ट निराळी आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. म्हणजे 20 टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे शुद्ध पेट्रोलच्या मानाने जवळजवळ 7 टक्के उष्णता कमी मिळते. ही तूट इंजिन तापल्याने भरून येत नाही, आणि मे महिन्यातही तीच राहते. नव्या, या इंधनासाठी बेतलेल्या इंजिनांत इथेनॉलच्या उच्च ऑक्टेनचा लाभ घेऊन ती कमी करता येते. जुन्या इंजिनांत हे साधत नाही. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते हेही खरे. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींना म्हणूनच थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची लहानशी वेगळी टाकी असे. 20 टक्क्यांच्या मिश्रणात तो त्रास फारसा संभवत नाही. तेव्हा सकाळी गाडी उशिरा सुरू झाली तर दोष थंडीला द्यावा, वर्षाच्या हिशेबात पेट्रोल जास्त लागले तर तो इथेनॉलला.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के आणि दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट नमूद आहे. उष्णतामूल्य कमी असल्यामुळे असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, अशीही शिफारस त्यात होती. 20 टक्क्यांचे लक्ष्य 2030 वरून अलीकडे ओढून 2025 मध्ये गाठले गेले. घाई झाली ती मिश्रणाची. किंमत कमी करण्याची झाली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की इथेनॉलचा खरेदीदर वाहतूक व करासह सरासरी 71.32 रुपये लिटर झाला असून तो शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या खर्चाहून अधिक आहे. खुलासा मान्य केला, तरी कमी उष्णतेच्या लिटरला पूर्ण लिटराचा भाव ग्राहकानेच का द्यावा, याचे उत्तर त्यात नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. त्यामुळे आता हा प्रश्न लोकांपुढेच मांडावा लागेल.

प्रस्तुत लेखकाची मोटार जुनी आहे, आणि निवृत्तिवेतनातून तिचा वाढीव खर्च भागतो. कारंजा-आर्वीकडून पहाटे मोटारसायकलला कॅन बांधून निघणाऱ्या दूधवाल्याचे तसे नाही. तो रोज साठ किलोमीटर फिरतो आणि गाडी लिटरला पन्नास देते असे धरा. चार टक्के घटीने त्याला दिवसाला पाचेक रुपये अधिक मोजावे लागतात, वर्षाला अठरा-एकोणीसशेच्या आसपास. ही रक्कम निंदणाच्या किती दिवसांच्या मजुरीइतकी होते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी मोजून पाहावे.

परकीय चलन वाचते, ऊस उत्पादकाला पैसा वेळेवर मिळतो, हे लाभ आम्ही नाकारत नाही. पण वर्धा हा उसाचा जिल्हा नव्हे. तो कापूस, सोयाबीन आणि तुरीचा आहे. मक्यापासून व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात उतरला आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी त्याने खाल्ली. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये असताना बाजारात भाव त्याच्या खाली राहिले, त्याच्या कारणांपैकी हे एक. स्वस्त आयात तेल हे दुसरे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची गाडीही कमी धावते आणि तिच्यावरून बाजार समितीत गेल्यावर मालालाही भाव कमी मिळतो. जमिनीने आधी गावाचे अन्नवस्त्र पुरवावे, कारखान्याचा कच्चा माल नंतर, असा आग्रह जे. सी. कुमारप्पांनी याच वर्ध्यात, मगनवाडीत बसून धरला होता. तो आठवणे येथे अप्रस्तुत ठरू नये.

ब्राझीलचा दाखला सरकारपक्ष वारंवार देतो. तो पुरता द्यावा. तेथे पंपावर इथेनॉल आणि मिश्र पेट्रोल वेगवेगळे मिळते, आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांहून खाली असेल तरच ते परवडते, हा हिशेब सामान्य चालकही जाणतो. आपल्याकडे निवडही नाही, भावातील फरकही नाही. जुन्या वाहनांसाठी 10 टक्के मिश्रणाचे पेट्रोल तालुक्यातील निदान एका पंपावर मिळाले पाहिजे. 20 टक्क्यांच्या इंधनावरील कर त्यातील उष्णतेच्या तुटीइतका उतरला पाहिजे. आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत ठळक लिहिले पाहिजे.

या मागण्यांना आकड्यांचा आधार हवा. दूधवाले, फेरीवाले, आशा कार्यकर्त्या यांच्याकडून एकाच गाडीच्या, एकाच रस्त्याच्या जानेवारी आणि मे अशा दोन महिन्यांच्या नोंदी घ्याव्यात. टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहावेत, पुन्हा पूर्ण भरताना लागलेले लिटर लिहावेत, चाकांतील हवा तपासल्याची तारीखही लिहावी. दोन महिन्यांतील फरक तो थंडीचा. मे महिन्याचा आकडा त्याच गाडीच्या जुन्या वहीतील आकड्याशी ताडून जो फरक उरेल, त्यातून गाडीच्या वयाची झीज वजा करून तालुकावार तक्ता जूनअखेर जिल्हा समितीकडे पाठवावा.