विकेट तिची, गोष्ट त्याची

आधी कबुली देऊन टाकतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला, तेव्हा फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज मी टाकला होता. स्वतः लिहिलेला नाही, आला तसा पुढे ढकललेला. 'खऱ्या आयुष्यातला कबीर खान' टाइपचा. प्रशिक्षक अमोल मुजुमदारांचा फोटो, रणजीत धावांचे ढीग लावूनही भारताची टोपी कधी न मिळालेला माणूस, आणि अखेर त्याला न्याय मिळाला वगैरे. डोळ्यांत पाणीबिणी आलं माझ्या.

माझी भाची तेरा वर्षांची आहे, ऑफस्पिन टाकते. पाच मिनिटांत तिचा रिप्लाय, "मामा, दीप्तीने पाच विकेट कशा काढल्या ते कुठे लिहिलंय?"

शोधलं. दीप्ती शर्मा आग्र्याची आहे हे सापडलं. भावाने तिच्यासाठी नोकरी सोडली हे तर तीन ठिकाणी सापडलं. पण ३९ धावांत ५ बळी घेताना ती नेमकं काय करत होती, शतक ठोकून खेळणाऱ्या वोल्वार्टला हवेत मारायला कसं लावलं, ते मराठीत एका ओळीत: 'दीप्तीच्या फिरकीची जादू'. जादू! म्हणजे कारण विचारायचं नाही. (क्रिकेटच्या खास साइट्सवर इंग्रजीत सगळं होतं, नाही असं नाही. पण आपण ढकलतो ते वेगळं असतं, आणि सिनेमेही त्याचेच निघतात.)

मुजुमदारांवर माझा काडीचा राग नाही. शाळेत असताना तेंडुलकर-कांबळींच्या ६६४ च्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला हा माणूस, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्याच रात्री ती पहिली का झाली? त्या मॅचमध्ये एक निर्णय असा होता ज्यावर आख्खा लेख व्हावा. शफाली वर्मा, मूळ संघात नव्हती, प्रतीका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलला आली. फायनलला ८७ धावा केल्या. आणि मग दक्षिण आफ्रिका खेळात असताना कॅप्टन हरमनप्रीतने चेंडू दिला कुणाला, तर हिला, जी नेहमी गोलंदाजी करतच नाही. शफालीने लूस आणि कॅप, दोघींना घरी पाठवलं. मनाने कौल दिला म्हणून चेंडू दिला, अशा अर्थाचं हरमनप्रीत नंतर बोलली. हेच एखाद्या पुरुष कॅप्टनने केलं असतं तर आपण आजवर त्याच्या मेंदूवर मॅनेजमेंटची लेक्चरं ऐकली असती. हरमनप्रीतचा व्हायरल झालेला क्षण कोणता? कोचच्या पाया पडली तो.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. कोडची कुठली ओळ कुणी लिहिली, सरळ नाव घेऊन सांगते. क्रेडिट ढापणाऱ्या मॅनेजरचीही तिथे डाळ शिजत नाही. खेळाच्या गोष्टींना अशी कमांड नाही.

असती तर 'चक दे'वर चालवून पाहिली असती. २००७ चा सिनेमा, मीही चारदा पाहिलाय. त्यामागे प्रेरणा २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुलातल्या महिला हॉकी सुवर्णाची. आता गूगल न करता सांगा, त्या संघाची कॅप्टन कोण? सूरजलता देवी. इंग्लंडविरुद्ध गोल्डन गोल कुणाचा? ममता खरबचा. मलाही हे लेख लिहायला बसल्यावर कळलं. पण कबीर खानचा 'सत्तर मिनट' तुम्हा-आम्हाला पाठ.

'दंगल' तर त्याहून भारी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात गीता फोगाटने फायनल एकतर्फी मारली होती. सिनेमात ती शेवटच्या सेकंदांपर्यंत ताणली, आणि दुसरीकडे बापाला खोलीत कोंडून घातलं. असं काही घडलंच नव्हतं, आणि खऱ्या प्रशिक्षकांनी त्यावर नाराजीही व्यक्त केली. का कोंडलं? कारण ती सहज जिंकते यात म्हणे ड्रामा नाही. बाईचं निव्वळ सरस असणं पटकथेत बसत नाही राव.

बरं, गोष्टीत खेळ नसला की उरतं काय? घर. २०१६ मध्ये सानिया मिर्झा दुहेरीत जगात पहिली होती, आणि तिला मुलाखतीत विचारलं 'सेटल' कधी होणार. (विचारणाऱ्याने तिथल्या तिथे माफी मागितली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.) वर्ल्डकपनंतर तीनच आठवड्यांत सांगलीच्या स्मृती मंधानाच्या लग्नाचं जे काय चॅनलवाल्यांनी केलं त्याचे तपशील मी देत नाही, तुम्हाला पाठ असणार. पण त्या वर्ल्डकपमध्ये तिच्या धावा किती? ४३४. भारतातर्फे सर्वांत जास्त. पाठ होत्या?

आणि घर संपलं की शरीर. इथे मात्र माझी थट्टा संपते. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये तामिळनाडूच्या शांती सौंदराजनने ८०० मीटरचं रौप्य मिळवलं. मग लिंगचाचणी, आणि पदक परत. पदक काढलं अधिकाऱ्यांनी. पण एका पोरीचा मेडिकल रिपोर्ट आख्ख्या देशाला चहाबरोबर कुणी वाचायला दिला? आणि वाचला कुणी? पुढे ती वीटभट्टीवर काम करताना दिसली तेव्हा पुन्हा बातमी, पुन्हा हळहळ. द्युती चंदला २०१४ मध्ये वगळलं तेव्हा तिने क्रीडा लवादात साधा प्रश्न विचारला, या नियमाला शास्त्रीय आधार काय? २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. खरी बातमी ती होती. गप्पा मात्र 'ती नक्की बाई आहे का' याच्या. २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी जनुकचाचणी सक्तीची केली आहे, म्हणजे हे पुन्हा होणार. नियमावर वाद घाला, खुशाल घाला, दोन्ही बाजूंनी. पण तो नियमावर घाला, कुणा एकीच्या अंगावर नको.

"अरे पण संघर्ष खरा असतो ना? तो वाचूनच मुली मैदानावर येतात," असं माझा एक मित्र म्हणाला. खरा असतो, मान्य. साताऱ्याची ललिता बाबर घ्या. माणदेशी एक्स्प्रेस, दुष्काळी मुलूख, हे आपण सगळ्यांनी वाचलं. २०१६ च्या रिओत ती ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल धावली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, राष्ट्रीय विक्रम, जो २०२३ पर्यंत टिकला. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. ओल्या बुटांनी, दमलेल्या पायांनी, घोळक्यात, पुढचीच्या पाठीआड अडथळा दिसत नसताना पाऊल कुठे टाकायचं हे ठरवावं लागतं. दुष्काळाबद्दल मी दहा लेख वाचले असतील, त्या पाण्याच्या उडीबद्दल एकही नाही. दुष्काळ तर त्या गावात सगळ्यांच्याच वाट्याला आला होता. त्यातल्या किती जणी रिओला पोचल्या?

आणि मित्राच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर भाचीनेच देऊन ठेवलंय. तिला दीप्तीच्या भावाची नोकरी नको होती, ग्रिप हवी होती.

परवा शनिवारी ताईकडे गेलो तेव्हा आम्ही दोघांनी लॅपटॉपवर फायनलचे दीप्तीचे सगळे चेंडू पाहिले. वोल्वार्टचा तो झेल अमनजोतच्या हातात उडाला, तिथे भाची हसलीच नाही. "मागे घे मामा," म्हणाली, "कॅच नको, हात दाखव." मग मागे घेत, थांबवत, पुन्हा मागे घेत बसलो. जेवायला ताईने तीन हाका मारल्या.