गुडघ्याची पूर्वतयारी

फुटबॉल खेळतांना मुलीचा गुडघा दुखावला, कीं आपण प्रतिपक्षास दोष देतों. वस्तुतः गुडघ्यांतील, हाडास हाड बांधणारा पुढचा अस्थिबंध पुष्कळदां कोणाच्या धक्क्यावांचूनच तुटतो. एकाएकीं वळतांना अथवा उडीवरून उतरतांना गुडघा आंत झुकतो, तेव्हां. स्वीडनमध्यें २००९ च्या हंगामांत १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांवर मुली दोन गटांत विभागून एक प्रयोग झाला. एका गटानें आठवड्यांतून दोनदां, सरावापूर्वीं पंधरा मिनिटें, एका पायावर अर्धी बैठक, उडीनंतर गुडघा पावलाच्या रेषेंत राखून उतरणें, असे सहा साधे व्यायाम केले. त्यांच्यांत हा अस्थिबंध तुटण्याचें प्रमाण ६४ टक्क्यांनीं कमी आढळलें. आमची नात मात्र उशिराच्या सबबीवर नेमकीं हींच मिनिटें गाळते. म्हणून तिला पाव तास आधीं घराबाहेर काढण्याचें काम मीं पत्करलें आहे.